आजोबा कॉकेशसपासून सुरुवात करायचे

स्लोव्हाकियातल्या बान्स्का बिस्त्रित्साजवळच्या आमच्या गावात दरवर्षी २८ ऑगस्टला रात्री मोठी शेकोटी पेटते. १९४४ साली २९ ऑगस्टला नाझींविरुद्धचा स्लोव्हाक राष्ट्रीय उठाव सुरू झाला, त्याची ही आदली रात्र. स्मारकाला पुष्पचक्र, राष्ट्रगीत, सरपंचांचं भाषण हे सगळं रीतसर होतं. मी या गावची सून, माहेर सातारचं. लग्न करून आले आणि लगेच मंडळाच्या कामाला लागले, म्हणून हा कार्यक्रम मला घरच्या कार्यासारखा.

मी वाट पाहायचे ती आजेसासऱ्यांच्या बोलण्याची. बाकीचे वक्ते उठावापासून सुरू करत, आजोबा १९४२ च्या कॉकेशसपासून. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष तिसो यांच्या सरकारनं स्लोव्हाक फौज हिटलरच्या बाजूनं रशियात पाठवली, तिच्यात तेही होते. "आधी आम्ही कुणाच्या बाजूनं गेलो होतो ते ऐका," असं ते म्हणत. काही जुन्या मंडळींना हे खटकायचं. माझा ऊर मात्र तिथेच भरून यायचा. माहेरी इटलीत लढून आलेले फौजी मी पाहिले होते, पण आपल्याच फौजेबद्दल गावासमोर असं बोलणारा सैनिक पाहिला नव्हता.

मग युक्रेनमधलं मेलितोपोल. ३० ऑक्टोबर १९४३ ला तिथे दोन हजारांहून जास्त स्लोव्हाक सैनिक सोव्हिएत बाजूला गेले, त्यांत आजोबा. पुढे चेकोस्लोव्हाक पॅराशूट ब्रिगेडमध्ये भरती होऊन ते उठावाच्या मदतीला त्रि दुबीच्या धावपट्टीवर उतरले. घर इतकं जवळ, पण आईला भेटायला सवड मिळाली नाही. २७ ऑक्टोबरला बान्स्का बिस्त्रित्सा पडलं आणि ब्रिगेड डोंगरात शिरली. खाबेनेत्स डोंगरावरच्या हिमवादळात उठावाचे एक नेते यान श्वेर्मा गेले. तिथवर आलं की आजोबा पाणी मागत. ते पिऊन होईपर्यंत सगळे थांबत.

युद्ध संपल्यावर ते घरी आले, तेव्हा शेजारच्या क्रेम्निच्कात नाझींनी मारलेल्यांच्या सामूहिक कबरी उघडत होत्या. ७४७ मृतदेह निघाले, त्यांत ५८ मुलं. पुढे कम्युनिस्ट सरकार उठावाचे सोहळे करत राहिलं आणि त्याच उठावाचे नेते गुस्ताव हुसाक यांना १९५४ मध्ये जन्मठेप झाली. आजोबांनी कॉकेशसचा विषय तेव्हापासून बंद केला, तो कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, १९८९ नंतरच काढला. म्हणून त्या भाषणाचं मोल मला फार.

एक सल आहे. गावातली तरणी मुलं भाषणं होईपर्यंत फाटकाबाहेर उभी राहतात आणि गुलाशच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या, कढईवरचं झाकण निघालं की आत येतात. आजोबा बोलायचे तेव्हाही असंच होतं.

माणसं मात्र राबतात. रात्रभर शेकोटीजवळ पहारा देणारे अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, स्वतःची लाकडं देणारे गिरणीवाले, झ्वोलेनहून म्हाताऱ्यांना गाडीतून आणणारे बसचालक, अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे मास्तर, गुलाश ढवळणाऱ्या दोघी जावा, बाकं मांडणारी सुताराची पोरं, दुसऱ्या दिवशी राख भरणाऱ्या पोस्टातल्या बाई. आता आजोबा नाहीत, त्यांचा आवाज ध्वनिफितीवरून ऐकवतात. ती फीत ग्रंथालयातल्या बाईंनी स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर केली होती. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव आजवर एकदाही आलेलं नाही. यंदाच्या बैठकीत मी तो विषय सगळ्यांत आधी काढणार आहे.