एमसीजीच्या पुलावरचं नाव

बॉक्सिंग डे टेस्टला एमसीजीला, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला, जाताना आम्ही नेहमी तोच पूल ओलांडतो, पण यंदा लेकीने पाटी वाचून विचारलं, "बाबा, विल्यम बराक म्हणजे ओबामांचे कोणी का?" इतकी वर्षं मेलबर्नमध्ये राहून मला उत्तर देता आलं नाही, खूप लाज वाटली. मग घरी येऊन वाचायला बसलो ते दोन आठवडे त्यातच होतो.

बराक हे इथल्या मूळ रहिवाशांपैकी वुरुंजेरी लोकांचे पुढारी. मेलबर्न वसलंय ती जमीन त्यांचीच. 1835 मध्ये जॉन बॅटमन नावाचा गोरा वसाहतवाला आला आणि कांबळी, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या, पीठ असलं सामान देऊन सुमारे सहा लाख एकर जमिनीचा करार केला म्हणाला. बराक तेव्हा लहान होते, तो प्रसंग आपण पाहिला असं त्यांनी पुढे सांगितलंय. गव्हर्नरने करार रद्द केला, पण जमीन वुरुंजेरींची म्हणून नाही हो, ती ब्रिटिश राजाची, इथल्या लोकांना ती विकायचा हक्कच नाही म्हणून!

खरं मला सांगायचंय ते कोरांडर्कबद्दल. जमीन गेली, रोगराईने आणि गोळ्यांनी माणसं गेली, आणि उरलेले लोक 1863 मध्ये सायमन वोंगा हे त्यांचे दुसरे पुढारी आणि बराक यांच्यामागे चालत हील्सव्हिल गावाजवळ येऊन राहिले. कोरांडर्क हे तिथल्या पांढऱ्या फुलांच्या एका झुडपाचं नाव, तेच या वस्तीला पडलं. तिथे त्यांनी जंगल साफ केलं, घरं बांधली, शाळा चालवली आणि हॉप्स लावले, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती वेलीवरची फुलं. त्या हॉप्सला मेलबर्नच्या बाजारात चांगला भाव मिळायचा, 1881 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पहिलं बक्षीसही मिळालं. पण पैसा जायचा मूळ रहिवाशांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी बोर्डाकडे, कष्ट करणाऱ्यांना धड मजुरी नाही, आणि वर जमीन सुपीक निघाली म्हटल्यावर शेजारच्या गोऱ्यांचा डोळा तिच्यावर, बोर्डाला तर सगळ्यांना तिथून हलवायचंच होतं.

या लोकांनी काय केलं तर अर्ज लिहिले, पेपरात पत्रं पाठवली, साठेक किलोमीटर पायी चालत मेलबर्नला मंत्र्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्यामुळे 1881 मध्येच चौकशी बसली, तिथे त्यांनी स्वतः साक्षी दिल्या, आणि 1884 मध्ये जमीन कायमची राखीव झाली. जिंकले ना ते!

आणि दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, नवा कायदा. ज्यांच्यात थोडंही गोरं रक्त आहे असे 34 वर्षांखालचे सगळे बाहेर. म्हणजे नेमकी कामाची तरणी माणसं गेली, घरं तुटली, मागे राहिले म्हातारे. शेत कोणी करायचं? बराक 1903 मध्ये तिथेच वारले, 1924 मध्ये कोरांडर्क बंद झालं. काही म्हातारी माणसं तरीही हलली नाहीत, हे वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं.

काल लेकीला स्वॅन्स्टन स्ट्रीटला घेऊन गेलो. तिथे एका उंच बिल्डिंगच्या बाल्कन्यांमधून बराक यांचा चेहरा उमटवलाय. जवळ गेलं की नुसत्या पांढऱ्या वळणदार पट्ट्या दिसतात, म्हणून आम्ही रस्त्याने बरंच मागे मागे चालत गेलो, आणि मग तीच ओरडली, "बाबा, दाढी दिसली!"