होनिंगच्या रेषा किती उरल्या? लायनरची झीज मोजताना

इंजिनचं हेड उघडलं, सरफेस टेस्टर (पृष्ठभागाचा खडबडीतपणा सुईने मोजणारं यंत्र) लावला, आरए हा सरासरी खडबडीतपणाचा आकडा बघितला, झालं काम, असं बऱ्याच वर्कशॉपमध्ये चालतं. डिझेल इंजिनचे बिडाचे लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या नळ्या, तपासताना मी एकट्या आरएवर भिस्त ठेवत नाही. तो सगळ्या चढउतारांची सरासरी देतो; वर आलेली टोकं आणि होनिंगने (लायनर आतून दगडाने घासताना) कोरलेल्या खाचा त्याला सारख्याच. झिजताना मात्र आधी टोकं जातात आणि तेल धरणाऱ्या खाचा बराच काळ टिकतात. म्हणून मी टोकांसाठी आरपीके, भार पेलणाऱ्या मधल्या थरासाठी आरके आणि खाचांसाठी आरव्हीके असे वेगळे आकडे काढतो. साध्या होनिंगच्या नव्या लायनरवर आरपीके ०.६ मायक्रॉनच्या आसपास मिळतो. रनिंग-इन (नवे भाग सुरुवातीला एकमेकांवर घासून बसणं) नीट झालं की तो ०.२च्या खाली येतो, आरव्हीके मात्र फारसा हलत नाही. प्लॅटो होनिंग केलेलं असेल तर टोकं आधीच कापलेली असतात, त्यामुळे फरक कमी दिसतो.

मोजण्याआधी लायनर रॉकेलने धुऊन कोरडा करायचा. खाचेत तेल राहिलं की ती उथळ दिसते. ताज्या होनिंगनंतर नुसतं रॉकेल पुरत नाही. दगडाची कणी खाचेत अडकून बसते. गरम साबणाचं पाणी आणि ब्रश घ्यायचा, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. नाहीतर तीच कणी पिस्टनची रिंग आणि लायनरच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करते.

कट-ऑफ (याहून लांब लाटा खडबडीतपणात धरायच्या नाहीत ती मर्यादा) ०.८ मिमी आणि मोजणीची लांबी ४ मिमी ठेवतो. या लाटा वेगळ्या काढणारा फिल्टर साधा गाउसियन नको. खोल खाच आली की त्याची मध्यरेषा खाली ओढली जाते, आणि खाचेच्या काठावरचा सपाट भाग उगाच उंच दिसून आरपीके फुगतो. आयएसओ १३५६५-१ मधला दोन टप्प्यांचा फिल्टर यासाठीच आहे.

जागा तीन: वरची रिंग टीडीसीला (पिस्टनच्या फेरीच्या सर्वांत वरच्या टोकाला) उलटते तिथे, स्ट्रोकच्या मध्यावर, आणि रिंगा पोचत नाहीत त्या खालच्या पट्ट्यात. शेवटची जागा मूळ होनिंगचा नमुना म्हणून कामी येते. टीडीसीला पिस्टनचा वेग शून्य होतो, तेलाचा थर तुटतो, वर ज्वलनाचा दाब. म्हणून रेषा तिथे आधी पुसल्या जातात. मध्यावर त्या ठळक राहतात. वर झिजून पायरी पडली असेल तर स्टायलस (टेस्टरची सुई) तिच्यावरून नेऊ नका, आकडा एकदम उडतो. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळेही खड्डे दिसतात, त्यामुळे थ्रस्ट (पिस्टन जिकडे रेटला जातो ती) आणि त्याच्या समोरच्या बाजूला प्रत्येकी तीन-चार वाचनं घेऊन सरासरी काढायची.

सगळ्यात जास्त फसगत दिशेमुळे होते. बोअरच्या (लायनरच्या आतल्या पोकळीच्या) अक्षाला समांतर मोजलं तर होनिंगच्या रेषा मिळतात, पण उभे ओरखडे मिळत नाहीत, कारण सुई ओरखड्याला समांतर धावते. आकडे उत्तम आणि लायनर खरवडलेला, असं होऊ शकतं. मी आधी टॉर्च तिरपा धरून बघतो. ओरखडे दिसले तर सिलिकॉनचा ठसा घेऊन आडवं मोजतो. ठशात सगळं उलटं असतं, हे ध्यानात ठेवायचं: टोकं म्हणजे खाचा, आरपीके आणि आरव्हीके यांची अदलाबदल.

आरपीकेबरोबर आरव्हीकेही घसरला आणि जागा आरशासारखी चमकायला लागली, तर ते रनिंग-इन नव्हे. पिस्टनच्या वरच्या कडेवरचा कडक कार्बन घासून बोअर पॉलिश झालेला असतो, आणि इंजिन तेल खायला लागतं. नव्या लायनरवर लोड न देता तासन् तास आयडलिंग केलं की वेगळाच त्रास: रिंगमागे वायूचा दाब पुरत नाही, टोकं कापली जात नाहीत, आणि तेल जळून खाचांवर चकचकीत लुकण चढतं. वरवर बघून दोन्ही सारखंच वाटेल. लुकण असेल तर खाली खाचा शाबूत असतात, पॉलिशमध्ये त्या गेलेल्या असतात.

होनिंगच्या रेषा दिसतायत तोवर तिथली झीज खाचांच्या खोलीपेक्षा कमी, म्हणजे मोजक्या मायक्रॉनची. रेषा गेल्यावर टेस्टर झीज सांगू शकत नाही. तिथून पुढे आतला व्यास मोजणारं बोअर गेज.