वकीलबाई, आता तो गुन्हा राहिला नाही ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कोणी एक नव्हे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका, कोर्टाबाहेरचा झेरॉक्सवाला, आणि परवाच्या जत्रेला गावच्या मंडळींनी उभं केलेलं 'संशयकल्लोळ' रंगात आलेलं असताना मध्यंतरात माझ्या कानाशी लागलेली एक ओळखीची बाई. व्यभिचार आता गुन्हा राहिला नाही, हे खरं का? पुरुष विचारतात ते बहुधा हसत. बायका आधी आजूबाजूला बघून घेतात.

खरं आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भारतीय दंडसंहितेचं 497 कलम रद्द केलं. त्यासाठी आता तुरुंग नाही. घटस्फोट मागायला मात्र ते कारण अजून चालतं. उत्तर एवढंच, पण समोरच्याचा चेहरा बघून ते आवरतं घेता येत नाही. बायकांच्या हातातलं एक हत्यार गेलं, असं बहुतेकांच्या मनात असतं.

ते बायकांच्या हातात होतं कधी? दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि फिर्याद करणार तो त्या बाईचा नवरा. नवऱ्याची संमती असली किंवा त्याने काणाडोळा केला असला, तर गुन्हाच नाही. ज्या बाईचा स्वतःचा नवरा बाहेर जात होता, तिला फिर्यादीला जागाच नव्हती. त्यातून ती दुसरी अविवाहित किंवा विधवा असली, तर या महाशयांना कलम शिवतसुद्धा नसे. बांधावरच्या तंट्यासारखं ते कलम होतं: कुणाच्या जमिनीत कुणाची गुरं शिरली. "ह्यांना आत टाका" म्हणत आलेल्या बायकांना हे समजावताना माझा जीव मेटाकुटीला येई. कायदा असा कसा असेल, तुम्हालाच माहीत नसेल, असं त्यांच्या नजरेत स्पष्ट दिसायचं.

गोव्यात त्याआधी पोर्तुगिजांचा कायदा होता, आणि आमच्या जुन्या मंडळींना तो फार शिस्तीचा वाटतो. होता शिस्तीचा. 1886 च्या पोर्तुगीज दंडसंहितेत 372 वं कलम होतं. बायकोला परपुरुषाबरोबर रंगेहाथ पकडून नवऱ्याने तिला किंवा त्याला तिथेच ठार केलं, तर शिक्षा काय? सहा महिने आपल्या न्यायालयीन जिल्ह्याबाहेर राहायचं. म्हणजे म्हापशाच्या माणसाने खून करून सहा महिने मडगावला बिऱ्हाड करायचं! बायकोलाही हीच सवलत होती, पण नवऱ्याने ती दुसरी बाई राहत्या घरातच आणून ठेवलेली असली तरच. 1867 च्या नागरी संहितेत विभक्त होण्याबाबतही तोच न्याय. बायकोचा व्यभिचार नुसता घडला की पुरे. नवऱ्याचा मात्र चारचौघांत गाजावा लागे, नाहीतर त्याने बायकोला पुरतं वाऱ्यावर सोडलेलं असावं लागे, नाहीतर बाई घरात आणून ठेवावी लागे. व्यभिचारातून झालेल्या मुलाला बाप कायद्याने आपलं म्हणूच शकत नसे. मुलाचा हक्क पोटगीपुरता.

1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि महिन्याभरात, 3 नोव्हेंबरला, घटस्फोटाचा हुकूमनामा निघाला. पुढे तो गोव्यालाही लागू झाला. त्यात नवऱ्याचा व्यभिचार आणि बायकोचा व्यभिचार, दोन्ही सारखीच कारणं. उर्वरित भारतात हिंदू विवाह कायदा आला 1955 मध्ये, आणि त्यातही 1976 पर्यंत जोडीदार 'व्यभिचारात राहत' असल्याचं दाखवावं लागे. याबाबतीत गोवा पुढे होता, आणि हे मी अभिमानाने सांगते.

आता साहित्याकडे वळते, कारण वाचनालयात गाठून विचारणारेही आहेत. पोर्तुगीज कादंबरीकार एसा द कैरोश यांची 'उ प्रिमु बाझिलिउ' ही कादंबरी 1878 ची. नवरा कामासाठी लिस्बनबाहेर गेलेला असताना लुईझाचं बाझिलिउ या चुलतभावाशी सूत जमतं. पत्रं मोलकरीण ज्युलियानाच्या हाती लागतात. मग पैसे, कपडे, बरी खोली, अशा तिच्या मागण्या वाढत जातात, आणि शेवटी मालकीण इस्त्री करते आहे आणि मोलकरीण आराम करते आहे, इथवर गोष्ट येते. मला पुस्तकातला हाच भाग सर्वांत खरा वाटतो. प्रेमप्रकरणाची किंमत अशी रोजच्या कामात, वाटे पाडून वसूल होते. पुढे लुईझा तापाने मरते. बाझिलिउ परत येतो, बातमी ऐकतो, आणि पॅरिसची आपली मैत्रीण सोबत आणायला हवी होती अशी हळहळ करतो. फ्लोबेरची एमा बोव्हारी सोमल खाते, टॉलस्टॉयची ॲना कारेनिना आगगाडीखाली जाते, ही तापाने जाते. एकोणिसाव्या शतकातल्या या थोर कादंबरीकारांना अशा बाईचं पुढे काय करावं हे सुचत नव्हतं की काय कोण जाणे. माझ्याकडे येणाऱ्या बायका मरत नाहीत. त्या फाइल घेऊन येतात.

पण परदेशी कशाला जायचं? आपली ही भूमीच परशुरामाची. समुद्र मागे हटवून त्याने ती मिळवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. काणकोणात पैंगीणला त्याचं देऊळ आहे. त्याच परशुरामाने आईचं डोकं उडवलं होतं. रेणुकेने केलं काय होतं? महाभारताच्या वनपर्वात आहे: चित्ररथ राजाला बायकांसह जलक्रीडा करताना तिने पाहिलं आणि क्षणभर तिचं मन चळलं. बस. जमदग्नीने मुलांना आज्ञा केली. चार थोरल्यांनी ती पाळली नाही आणि बापाचा शाप घेतला. पाचव्याने परशू उचलला. मग बाप प्रसन्न झाल्यावर त्याने वर मागितले, त्यात आई जिवंत व्हावी आणि तिला यातलं काही आठवू नये, हेही होतं. चित्ररथाला कुणी काही विचारलं नाही. त्याला बहुधा पत्ताही नसेल. आणि आज्ञा मोडणाऱ्या त्या चौघांचं देऊळ माझ्या तरी पाहण्यात नाही.

याच पैंगीणचे राजाराम पैंगीणकर, कलावंत घराण्यात जन्मलेले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'मी कोण?'. गोव्यात देवळाशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांना 'यजमान' असत, म्हणजे त्यांना ठेवणारे पुरुष. त्यांची लग्नाची बायको, मुलंबाळं दुसऱ्या घरी. याला व्यभिचार कुणी म्हणत नसे, तो रिवाज होता. भोगलं मात्र मुलांनी, आणि आत्मचरित्राला प्रश्नचिन्हाचं नाव द्यावं लागलं.

मग आज गोव्यात याची किंमत कुठे मोजली जाते? माझ्या अनुभवात सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर आमच्याकडे नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते, निम्मी-निम्मी, वारशाने आलेलीसुद्धा. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. इतक्या कायद्यांनी बाईला मालमत्ता मानलं, पण या एका ठिकाणी ती मालक आहे, आणि हे बऱ्याच जणींना संसार मोडकळीला आल्यावर कळतं.

एक बाई आली होती. तिचं गाव सांगत नाही आणि ओळखू येईल असं सगळं बदललं आहे. नवऱ्याचा दुसरा संसार वास्कोला. सासरच्यांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत, हिच्यासमोर विषय निघायचा नाही. त्याला पैसे हवे होते म्हणून भाट, म्हणजे झाडांची बागायत, विकायला काढलेलं. खरेदीखताचा मसुदा तिने साडीच्या दुकानाच्या पिशवीतून काढला. दोघांची नावं टाइप केलेली, तिच्या नावापुढची जागा कोरी. "हांव सय मारची ना," ती म्हणाली. मला वाटलं आता वास्कोच्या त्या दुसरीबद्दल बोलेल. बोलली ती मानकुराद आंब्यांबद्दल. लग्न होऊन आली तेव्हा कलमं लावलेली, विहिरीवरून कळशीने पाणी घालून जगवलेली. सासू दोनदा समजवायला येऊन गेली. घराण्याची अब्रू, मुलीचं लग्न, नेहमीचंच. घराण्याची अब्रू मुलाने वास्कोला नेऊन ठेवली होती, त्याबद्दल सासूबाई बोलल्या नाहीत.

पुरुषही येतात. मोबाइलमधले स्क्रीनशॉट दाखवतात आणि आवाज इतका खाली नेतात की मला खुर्ची पुढे सरकवावी लागते. त्यांना बहुधा कोर्ट नकोच असतं. गावात कळू नये, एवढंच हवं असतं.

त्या बाईने शेवटी सही केली. सहीआधी निम्म्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट तिच्या एकटीच्या नावाने तिच्या हातात पडला. तशी अट आम्ही घातली होती. तिने तो दोनदा वाचला, घडी न करता पर्समध्ये ठेवला आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "वकीलबाय, आनी घर?" घराची कागदपत्रं पुढच्या आठवड्यात आणायला सांगितली.