क्यूबिट जरासाच फिरला तर?

क्वांटम माहितीशास्त्र पहिल्यांदा शिकणाऱ्यांना चूक-दुरुस्ती समजावताना मी तीन क्यूबिटच्या कोडपासून सुरुवात करते. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला बिट, जो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेतही असू शकतो. साध्या संगणकात ० साठी ००० आणि १ साठी १११ साठवायचं आणि एखादा बिट पालटला तर बहुमत बघायचं. क्वांटममध्ये हे जसंच्या तसं चालत नाही. अज्ञात क्यूबिटची नक्कल करता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि वेगळ्या वाटेने डीक्स यांनी, १९८२ मध्येच दाखवून दिलं. शिवाय क्यूबिट मोजायला गेलं की त्याची अवस्था मोडते. थोडक्यात, प्रत काढायची नाही, आत डोकावायचं नाही, आणि तरीही चूक पकडायची.

त्या दिवशी फळ्यावर अवस्था लिहिली: अ|०००⟩ + ब|१११⟩, म्हणजे ००० आणि १११ यांचं मिश्रण, ज्यात अ आणि ब हे दोघांचे वाटे सांगणारे आकडे. तिन्ही क्यूबिट एकमेकांत गुंतलेले असतात. अ आणि ब कुठल्याही एका क्यूबिटपाशी सापडत नाहीत. आपण दोनच गोष्टी विचारायच्या: पहिला आणि दुसरा सारखे आहेत का, दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का. ००० असो की १११, उत्तर 'सारखे, सारखे' असंच येतं, म्हणून अ आणि ब यांच्याबद्दल काहीही उघड होत नाही. पहिला पालटला असेल तर 'वेगळे, सारखे' येतं आणि त्याला परत पालटून टाकायचं. वर्गाला हे पटलं.

मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीला मात्र पटलं नव्हतं. "मॅडम, क्यूबिट पूर्णच पालटेल हे कशावरून? बिट म्हणजे दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद. क्यूबिट पंख्याच्या रेग्युलेटरसारखा आहे, तो जरासाच फिरला तर? तुमची उत्तरं फक्त 'सारखे' आणि 'वेगळे'. तेवढ्यावरून किती फिरला हे कसं कळणार?"

हा प्रश्न साधासुधा नाही. नव्वदच्या दशकात रॉल्फ लँडाउअर यांच्यासारख्या जाणत्या शास्त्रज्ञाचा क्वांटम संगणनावरचा एक मुख्य आक्षेप याच स्वरूपाचा होता: बारीक बारीक चुका साचत जाणार, अ‍ॅनालॉग यंत्रासारखं सगळं हळूहळू भरकटणार, मग दुरुस्त काय करणार? वीसेक वर्षांची मुलगी पुस्तक न उघडता तिथे पोचली, याचा मला मनापासून आनंद झाला. उत्तर सांगून टाकायचा मोह आवरला आणि खडू तिच्या हातात दिला. "पहिला क्यूबिट जरासा फिरव आणि काय उरतं ते लिही."

तिने सोपा आकडा घेतला. पालटलेल्या भागाचा आयाम, म्हणजे ज्याचा वर्ग केला की शक्यता मिळते तो आकडा, ०.१ धरला, म्हणजे न पालटलेल्याचा साधारण ०.९९५. फळ्यावर दोन तुकडे आले: पहिल्यात मूळची अवस्था जशीच्या तशी, दुसऱ्यात पहिला क्यूबिट पालटलेली, अ|१००⟩ + ब|०११⟩. म्हटलं, आता मोज. पहिल्या तुकड्याचं उत्तर 'सारखे, सारखे', दुसऱ्याचं 'वेगळे, सारखे'. मापन झालं की दोन्हींपैकी एकच उरतो. ०.१ चा वर्ग ०.०१, म्हणून शंभरात सुमारे नव्व्याण्णव वेळा मूळची अवस्था परत येते, चूक जागीच पुसली जाते. उरलेल्या एका वेळी क्यूबिट पूर्ण पालटलेला सापडतो, आणि पूर्ण पालटलेल्याचा इलाज आपल्याकडे आहेच.

ती थांबली, दोन्ही ओळींकडे पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे अर्धवट चूक उरतच नाही. आपण विचारलं की तिला ठरवावंच लागतं."

इतकं नेमकं मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं. एरवी क्वांटममध्ये आपली अडचण करणारं मापनच इथे सलग पसरलेल्या चुकांना 'आहे' किंवा 'नाही' यांत आणून बसवतं. किती फिरला हे कळायची गरजच पडत नाही. मग मी तिला तेवढंच फिरणं एकाच दिशेने दहा वेळा जोडायला सांगितलं. मध्ये न मोजता कोन साचत जातो आणि शेवटी क्यूबिट पालटलेला सापडण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्येक वेळी मोजलं तर दर फेरीला एक टक्का, आणि तोही लगेच दुरुस्त होणारा. लँडाउअर यांना वाटलेली साचण्याची भीती इथेच निकालात निघते.

हा कोड कलेच्या चुकांपुढे, म्हणजे अ आणि ब यांच्यामधलं चिन्ह उलटतं तेव्हा, हतबल असतो. त्यावर पीटर शोर यांनी १९९५ मध्ये नऊ क्यूबिटचा कोड दिला आणि पुढच्याच वर्षी स्टीन यांनी सात क्यूबिटचा. एका क्यूबिटवरची कुठलीही चूक काहीच न होणं, पालटणं, चिन्ह उलटणं आणि दोन्ही एकदम होणं यांच्या बेरजेतून लिहिता येते, त्यामुळे तेवढ्यांचा बंदोबस्त केला की मधल्या अगणित चुकांचाही होतो.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, "दोन क्यूबिट एकदम पालटले तर?" तर कोड फसतो. तो उरलेल्या एकालाच चुकीचा समजून पालटतो आणि साठवलेली माहितीच उलटी होते. म्हणून मुळातल्या चुका एका मर्यादेखाली असाव्या लागतात. तशा असल्या तरच कोड मोठा करत नेण्यात फायदा असतो. गूगलच्या विलो चिपवर २०२४ मध्ये हे दिसलं: क्यूबिट जाळीसारखे मांडणाऱ्या सरफेस कोडचं अंतर (किमान किती क्यूबिट बिघडले की साठवलेली माहिती नकळत उलटते तो आकडा) ३ वरून ५, ५ वरून ७ केलं आणि लॉजिकल चुकीचा, म्हणजे साठवलेली माहितीच बिघडण्याचा, दर प्रत्येक पायरीला निम्म्याहून खाली आला. सातच्या त्या रचनेला १०१ क्यूबिट लागले.

तास संपत आला तरी ती फळ्यापाशीच उभी होती. "आणि मॅडम, 'सारखे की वेगळे' हे सांगणारं मापनच चुकलं तर?" खऱ्या यंत्रात ते चुकतंच. म्हणून एका उत्तरावर विसंबायचं नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे आणि उत्तर कुठल्या फेरीत बदललं ते बघायचं. विलोवर अशी एक फेरी साधारण एका मायक्रोसेकंदात होते. पुढच्या तासाला तिला सलग फेऱ्यांची उत्तरं एकाखाली एक लिहून दिली आणि त्यातली क्यूबिटची चूक कुठली, मापनाची कुठली, हे वर्गाला शोधायला लावलं.