तिमिशोआरातल्या शेजाऱ्यांकडून ऐकलेली राजवट

आपल्याकडे लाल बावटा म्हटलं की गिरणी कामगार, मोर्चे, परळ-लालबाग आठवतं. रोमानियात राहायला आल्यावर याच झेंड्याखाली, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत, चार दशकं जगलेली माणसं शेजारी मिळाली. ‘तेव्हा कसं होतं हो?’ असं विचारलं, तर प्रत्येक घरात वेगळंच उत्तर मिळतं.

आमचं शहर तिमिशोआरा, बानात प्रांतातलं. काळी सुपीक जमीन आणि रोमानियन, जर्मन, सर्ब, हंगेरियन अशी सरमिसळ वस्ती. शेजारच्या युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याचं स्टालिनशी बिनसलं आणि त्या देशाच्या सीमेलगतचे लोक रोमानियाच्या सरकारला नकोसे झाले. जून १९५१ मध्ये सुमारे ४०,००० जणांना मालगाड्यांत भरून पूर्वेकडच्या बरागानच्या उघड्या माळावर नेऊन सोडलं. त्यांत जर्मन होते, सर्ब होते आणि बरी जमीन बाळगून असलेले शेतकरीही होते. लोकांनी आधी जमिनीत खड्डे खणून आसरा केला, मग मातीची घरं बांधली. बहुतेकांना परत यायला १९५६ उजाडलं. इकडे शेती सामुदायिक करायचं काम १९६२ पर्यंत चाललं. ‘धनिक शेतकऱ्याचं पोर’ अशी नोंद फाइलवर पडली की कॉलेजचं दार बंद.

जर्मनांचं तर सरकारने चक्क भाव लावून विकणं मांडलं. पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजायची, शिक्षण जास्त तर रक्कमही जास्त. दोन लाखांहून अधिक माणसं अशी गेली. आसपासच्या कितीतरी गावांत जर्मन घरं आहेत, पण जर्मन माणूस शोधावा लागतो.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते बायकांच्या वाट्याला आलेल्या आयुष्याने. ऑक्टोबर १९६६ मध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने गर्भपातावर बंदी आणली. चार मुलं झालेली किंवा पंचेचाळिशी ओलांडलेली बाई सोडली, तर सूट जवळपास कुणालाच नाही. १९६६ मध्ये पावणेतीन लाखांच्या घरात असलेले जन्म पुढच्या वर्षी सव्वापाच लाखांवर गेले. मग बायका चोरून, मिळेल त्या हातांनी गर्भ पाडू लागल्या. त्यात मेलेल्यांचा आकडा नऊ हजारांच्या पुढे धरतात.

आमच्या मजल्यावरच्या आजी बुटांच्या कारखान्यात होत्या. ऐंशीच्या दशकात कामाच्या जागीच बायकांची तपासणी व्हायची, कुणाला दिवस गेलेत ते बघायला. ‘नाव पुकारलं की मशीन बंद करून रांगेत जायचं,’ आजी म्हणाल्या. ‘परत आलं की कुणी कुणाकडे बघायचं नाही.’ हे त्यांनी मला वांगी भाजता भाजता सांगितलं, हात एकदाही न थांबवता.

त्याच दशकात १० अब्ज डॉलरच्या वरचं परदेशी कर्ज फेडायचा ध्यास चाउशेस्कूने घेतला. धान्य, मांस परदेशी जाऊ लागलं, घरात रेशनकार्ड आलं. आजी पहाटे चारला पिशवी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. पुढे काय मिळणार आहे ते अनेकदा ठाऊकही नसायचं. दिवसा गॅसला दाब नसायचा, म्हणून दुसऱ्या दिवशीचं जेवण मध्यरात्री शिजायचं. टीव्ही दिवसाला दोन तास. सीमा जवळ असल्याने इथले लोक युगोस्लाव्ह वाहिन्या पकडायचे, तेवढाच विरंगुळा. पक्षातल्या वरच्या मंडळींची दुकानं मात्र वेगळी होती.

आजोबांचं म्हणणं निराळं. ते खेड्यातून शहरात आले, कारखान्यात लागले, दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. त्यांच्या सात पिढ्यांत घरात नळ आणि न्हाणीघर असलेले ते पहिले. त्यांना त्या दिवसांबद्दल माया आहे आणि मला ती समजते. आजी मात्र विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जातात.

चाउशेस्कूला २५ डिसेंबर १९८९ ला गोळ्या घातल्या; दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारने गर्भपातबंदी उठवली. इतकी घाई तो कायदा मोडीत काढायची होती. आजींकडून तपासणीच्या त्या रांगेबद्दल ऐकल्यापासून ‘हुकूमशाहीत निदान शिस्त तरी असते’ हे वाक्य मी कुणाकडूनच निमूट ऐकून घेत नाही, पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या काकांकडूनही नाही.