तुळईचं टोक

नारायण पेठेतला वाडा. दुमजली, मागे आड, भाडेकरू गेल्या वर्षीच बाहेर पडलेले. बिल्डरला जागा मोकळी करून हवी होती आणि लाकडाचा हक्क घरच्यांनी स्वतःकडे ठेवला होता, म्हणून मला बोलावणं आलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत मी 1998 पासून मोजणीला आहे. जुन्या वाड्याचं लाकूड भिंतीत असतानाच बघायचं आणि भाव बांधायचा, हे माझं काम.

लोकांना वाटतं टेप लावला, गुणाकार केला, संपलं. टेप सगळ्यात शेवटी. चुना, चुलीचा धूर आणि वर चढवलेला ऑइलपेंट यांच्याखाली साग काय, ऐन काय, सगळं सारखंच काळं दिसतं. आधी पटाशीने नखाएवढी ढलपी उडवायची आणि नाकाशी धरायची. सागाला शंभर वर्षांनीही जुन्या चामड्यासारखा तेलकट वास येतो, बोटाला मेणचट लागतं. मग हातोडीने भिंतीकडून मध्यापर्यंत ठोकत यायचं. आवाज बद्द आला की आत ओल किंवा वाळवी. भिंतीत गाडलेली टोकं मी हिशेबात धरतच नाही, ती बहुतेक कुजलेलीच निघतात.

माजघरावर सहा तुळया होत्या. टोकं वजा जाता 18 फूट लांब, 10 इंच बाय 8 इंच. म्हणजे एकेक बरोबर 10 घनफूट.

घरातले थोरले काका माझ्यामागे फिरत होते. "सगळं बर्माचं आहे हो. पणजोबांनी मुद्दाम मागवलं होतं." हे मला जवळजवळ प्रत्येक वाड्यात ऐकायला मिळतं. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हापासून तर जास्तच. घाना आणि इक्वेडोरहून लागवडीचा कोवळा साग येतो, पण त्याला ती घट्ट वीण नाही. मग जुन्या वाड्यातलं बर्मा निघालं की इंटिरियरवाले रांगा लावतात. आमच्याकडे देशी आणि बर्मा यांत फुटामागे, म्हणजे घनफुटामागे, हजारेक रुपयांचा फरक पडतो.

मी तुळया बघितल्या. दोन ठिकाणी गाठी, काळ्या रेघा, वीण जरा वळलेली. म्हटलं, "काका, साग उत्तम आहे, पण देशी." त्यांचा चेहरा उतरला. सौदा देशीच्या भावाने झाला.

देशी म्हणजे हलकं, हे मला कधीच पटलेलं नाही. 1730 ते 1732 मध्ये शनिवारवाडा बांधला तेव्हा त्याचा साग जुन्नरच्या जंगलातून आला. पेशव्यांना तो चालला. आलापल्लीचा साग आजही बल्लारशाच्या डेपोत लिलावाला निघतो, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना तोच गेला. बर्मा वरचढ ठरलं ते तिथल्या कामाच्या पद्धतीमुळेही. तिथे झाडाला बुंध्याशी गोल खाच मारून दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि ओंडके तर नदीतून तरंगत न्यायचे. आपल्याकडे ओलं झाड तोडून बैलगाडीवर घालत. मग ते नंतर तडकलं की दोष जातीला.

1863 मध्ये बोरघाटातली रेल्वे सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. मुंबई बंदरात उतरलेली तुळई घाट चढून पुण्यात येऊ लागली. याच कंपनीवर थिबा राजाच्या दरबाराने ठपका ठेवला, की जंगलातून जेवढे ओंडके नेले तेवढ्यांचे पैसे भरले नाहीत. दंड ठोठावला, त्यातून 1885 चं युद्ध पेटलं, राज्य गेलं आणि राजा रत्नागिरीत आणून ठेवला. 1916 मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस बघायला सगळे जातात, पण हे भांडण ओंडक्यांच्या मोजणीवरून पेटलं होतं हे कुणी सांगत नाही. मी मोजणीवाला, मला ते लागतं. आमच्या धंद्यात 72 इंच घेराचा, 16 फुटी ओंडका घेराचा चौथा हिस्सा चौकोनाची बाजू धरून 36 घनफूट भरतो. खरं घनफळ जवळजवळ 46. मधले 10 पाठीत, म्हणजे कडेच्या गोलसर फळ्यांत, आणि भुशात जातात असं धरून घेणाऱ्याला सोडायचे. मोजायचं कसं हे ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात.

पाडकामाच्या तिसऱ्या दिवशी चेनपुलीवर पहिली तुळई खाली आली. भिंतीतलं टोक कुजलेलं नव्हतं. चुन्याचा थर तारेच्या ब्रशने काढला तर खाली दोन इंचांचं वर्तुळ, आत ठोकलेलं इंग्रजी अक्षर, त्याखाली आकडे. बाकीच्या पाचांतल्या तिघींवर तेच.

बर्मातून येणाऱ्या लाकडावर असे हातोड्याचे शिक्के असत. पण आपलं वनखातंही शिक्के मारतं, तेव्हाही मारत होतं. अक्षर कुणाचं, मला सांगता येईना. शेठला फोन केला. "सौदा झालाय. टोक कापून टाक." शेठ वाईट माणूस नाही, पण झालेला सौदा पुन्हा उघडायचा नाही हा बाजाराचा नियम, आणि या नियमाचा फायदा नेहमी आम्हालाच होतो.

मी काकांना बोलावून शिक्का दाखवला. म्हटलं, "मी चुकलो असेन. नक्की सांगता येत नाही." ते खाली बसले, बोट त्या वर्तुळावरून फिरवलं. पैशाचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "म्हणजे पणजोबा खरं बोलत असतील."

दोन दिवस कुरबुर करून शेठ फुटामागे पाचशे वाढवायला तयार झाले. 60 फुटांचे तीस हजार. काकांना ते पुष्कळ वाटले. मला नाही वाटले.

पुढच्याच आठवड्यात एका हॉटेलच्या कामासाठी त्या सहाही तुळया गेल्या. पक्क्या बर्माच्या भावाने. घेताना जो शिक्का शंका होता, विकताना तोच पुरावा झाला. ज्या दोन तुळयांवर काहीच नव्हतं, त्याही त्याच भावाने गेल्या.

कापलेल्या टोकाची एक चकती शेठने पॉलिश करून टेबलावर ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं की ते ती उचलून शिक्का दाखवतात आणि म्हणतात, आमच्या मोजणीवाल्याला विचारा. मी टेप उचलून मागे ओंडक्यांकडे जातो.