चामखीळ म्हणून मी दोनदा गोठवलं ते

काका तिसऱ्यांदा आले तेव्हा मी क्रायो गन, म्हणजे लिक्विड नायट्रोजन फवारून गाठ गोठवायचं यंत्र, भरूनच बसलो होतो. घोट्याच्या वर अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, खरबरीत गाठ, चामखीळ म्हणून मीच दोनदा गोठवलेली, प्रत्येक वेळी 10 सेकंद, आणि दोन्ही वेळा खपली पडून परत वर आलेली. बाहेर पेशंट ताटकळलेले, नायट्रोजन तर नुसता ठेवला तरी उडून जातो, अशा घाईत भरलेली गन हातात असली की विचार मागे पडतो.

मी नोझल धरणार तेवढ्यात काका म्हणाले, "तिथं काटा मोडला होता डॉक्टर, झाली असतील 10 वर्षं." हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

गन खाली ठेवली, भिंग घेतलं. काळे ठिपके चामखिळीतही असतात, ते आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त साकळून झालेले. इथे मात्र ते वरवर आलेले वाटले. नेमके तेच खरवडले, कारण बुरशी असलीच तर त्या ठिपक्यांत सापडते, गाठीवर कुठेही खरवडून चालत नाही, हे शिकाऊ डॉक्टरांना कुणीतरी हात धरून दाखवायला पाहिजे. स्लाइडवर केओएचचा, म्हणजे कातडीच्या पेशी विरघळवणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबलो आणि मायक्रोस्कोपखाली दिसल्या त्या गोल, जाड भिंतीच्या, तांब्याच्या नाण्यांसारख्या पेशी, मधून उभ्या-आडव्या भेगा. त्यांना रंग द्यावा लागत नाही, मेलॅनिनमुळे मुळातच तपकिरी. क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे काट्यासारख्या जखमेतून शिरून कातडीच्या आत रुजलेली बुरशी. बायोप्सीतही तेच आलं. काकांना सगळं खरं सांगितलं, आधीचं निदान चुकलं होतं हेही.

इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं, मधूनमधून लिव्हरची तपासणी. 8 महिन्यांत गाठ बरीच बसली, उरलेली परत त्याच गनने गोठवली, पण आता कडेची चांगली कातडीही धरून, जास्त वेळ, पूर्ण वितळू द्यायचं आणि मग दुसऱ्यांदा. असं महिन्याच्या अंतराने 3 वेळा. प्रत्येक वेळी मोठा फोड आला, पाय सुजला, काका सोसत राहिले.

लोकांना वाटतं उणे 196 अंशांत बुरशी मरणारच. अहो, लॅबमध्ये बुरशीचे नमुने वर्षानुवर्षं जपायला हाच लिक्विड नायट्रोजन वापरतात! मरते ती तिच्या भोवतीची कातडी, मग सूज येते आणि शरीर स्वतः साफसफाईला लागतं. म्हणून तर नायट्यावर "गोठवून टाका ना" म्हणणाऱ्यांना मी ठाम नाही म्हणतो, तिथे बुरशी वरच्या थरात पसरलेली असते आणि औषधानेच जाते, उगाच फोड आणि पांढरे डाग कशाला.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. पहिल्याच दिवशी मी हात सैल सोडून खोलवर गोठवलं असतं तर गाठ कदाचित गेलीही असती, आणि मी चामखीळ बरी केली असंच धरून चाललो असतो.

परवा काका आले होते. पांढरा व्रण आहे, सपाट. हा आजार उलटतो, म्हणून भिंग घेऊन कडेकडेने ठिपके शोधले. एकही नव्हता. पुढची तारीख 3 महिन्यांनंतरची दिलीय.